भावोजी आणि बागेतला ट्रॅक्टर

ये गं सूनबाई, अशी जवळ बस, आणि तो मोबाईल जरा पालथा ठेव. ऑफिसच्या कामाला बंगळूरहून पुण्यात येतेस, सासऱ्यांना फोनवर "बाबा, कसे आहात?" विचारतेस, ते "उत्तम" म्हणतात आणि तुझं समाधान होतं. अगं, त्यांचं "उत्तम" असं लगेच खरं धरायचं नसतं. मी त्यांची थोरली वहिनी, इतकी वर्षं बघतेय. चालू झालेली वस्तू मुद्दाम बंद करणारा असा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही.

भावोजी स्कूटरच्या कारखान्यात, तपासणी खात्यात. कारखान्याने व्हीआरएस देऊन घरी पाठवलं, पण तपासणी काही सुटली नाही. एकदा माझा मिक्सर अडला. मी त्याला एक थापटी मारली, सुरू झाला. भावोजींनी तो बंद केला आणि खोलून बसले. म्हणाले, "वहिनी, का बंद पडला ते कळल्याशिवाय चालू होण्याला काही अर्थ नाही." मी आठवडाभर चटणी खलबत्त्यात कुटली. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा दुसरा नियम. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या तर हे एकच घेणार, वर त्यांनाच विचारणार, "दोन्ही घेतल्या तर गुण कुणाचा, हे आपण कसं ठरवणार?" डॉक्टर आता एकच लिहून देतात.

तर त्यांची ती वारज्याची सोसायटी. आयटीवाल्यांनी फ्लॅट घ्यावेत म्हणून बिल्डरने मोठी हिरवळ केली आणि गवत कापायला बसून चालवायचा छोटा ट्रॅक्टर आणला. माळी गावाला गेला की भावोजी हौसेने चालवायचे. यंदा पावसाळा संपला, माळी गेला, भावोजी ट्रॅक्टरवर बसले. इंजिन सुरू झालं, पण ब्रेकवरचा पाय काढला की बंद. प्लग काढून पुसला, वायर बदलून पाहिली, कॉईल तपासली. ब्रेक दाबलेला असला की ठिणगी पडायची, सोडला की गायब. इकडे गवत घोट्याच्या वर गेलं. सेक्रेटरी गॅलरीतून म्हणाले, "काका, म्हशी आणू का?"

"आणा," भावोजी मान वर न करता म्हणाले. "त्यांना प्लग नसतो."

माळी परत आला त्या दिवशी मी सहज गेले होते. तो बसला आणि बागेला फेरी मारून आला. सगळे म्हणाले, सुटला प्रश्न. भावोजींनी त्याला उतरवलं, स्वतः बसले. बंद. पुन्हा माळी बसला, चालू. मग भावोजींनी खताची पिशवी मांडीवर घेतली आणि ब्रेक सोडला. इंजिन चालूच. त्या सीटखाली म्हणे एक स्विच असतो. ब्रेक सुटलेला असताना चालवणारा खाली पडला तर पात्यात सापडू नये म्हणून, सीटवर पुरेसं वजन नसलं की तो ठिणगीच तोडतो. ट्रॅक्टरच्या मते सीटवर कुणी नव्हतंच.

"यंत्रात दोष नाही," भावोजी हात पुसत म्हणाले. "गेल्या वर्षी याच सीटवर चालत होतं. माझं वजन उतरलंय."

ढगळ झब्ब्यात कुणाला कळणार? घरात नेऊन खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. तुझ्या सासूबाई गेल्यापासून पित्त होत होतं. कशाने होतं ते शोधायला हे एकेक पदार्थ बंद करत गेले. आधी डाळ, मग वांगं, मग पोळी. शेवटी मऊ भात आणि ताक उरलं, पित्त तसंच. मी म्हटलं, "अहो, मग बाकीचं परत सुरू नाही का करायचं?" तर म्हणाले, "एकट्यासाठी कुठे पुन्हा सगळं मांडत बसायचं, वहिनी."

मी तिथेच स्वयंपाक केला आणि समोर बसले. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या, वांग्याची भाजी मागून घेतली. पित्त झालं नाही. का झालं नाही, हे मात्र त्यांनी शोधलं नाही. भांडी आवरायला लागले.

आता रविवारी मी जाते, पण सदाशिव पेठेतून रोज वारज्याला जायला माझे गुडघे तयार नाहीत. तुम्ही दोघं दिवाळीपर्यंत थांबू नका. लवकर या, चार दिवस राहा आणि जेवायला त्यांच्या पंगतीला बसा. पोळ्या तू कर, भाजी मी घेऊन येते.