करंट कमी, वेळ जास्त

घाई कानात शिरूनही कधी पायांपर्यंत पोहोचली नाही असा माणूस साऱ्या काशीत एकच, तो म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणतो. ब्रह्मा घाटाच्या गल्लीत सांड बसला असेल तर लोक अंग चोरून पलीकडे जातात. काका तो उठेपर्यंत थांबतात.

गंगेपलीकडे रामनगरच्या एका कारखान्यात ते मुलाम्याच्या कामाचे सुपरवायझर आहेत. पितळेचे नळ धुऊनपुसून निकेलच्या हौदात टांगायचे आणि वीज सोडायची. वीज वाढवली की काम झटपट उरकतं, पण कडा जळून काळ्या पडतात आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. एकदा मी तिथे असताना मिस्त्री धावत आला, "साहब, ट्रकवाला चिल्ला रहा है." काका म्हणाले, "चिल्लाने दो. चाय पिलाओ उसको. करंट को हाथ मत लगाना."

घरीही तोच कायदा. उलट मावशीचा करंट कायम चढलेला. तिच्या "अहो, लवकर" या हाकेवर शेजारची मुलं शाळेला निघत, काका तेवढे निघत नसत. माझ्या लग्नाला दोघं पोहोचली तेव्हा मांडव उतरवत होते. मावशी म्हणाली, "तुझ्या मुंजीलाच निघालोय असं यांना सांगायला हवं होतं. मग लग्नाला वेळेवर आलो असतो."

गेल्या हिवाळ्यात मावशीला पक्षाघात झाला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, सरावाने येईल, कदाचित नाहीही येणार. आम्ही नातेवाईक तिच्याभोवती कोंडाळं करून बसलो आणि तोंडासमोर चमचा नाचवत, "हं, म्हण, चमचा" असा गिल्ला केला. ती भिंतीकडे तोंड करून रडली. काकांनी आम्हाला खोलीबाहेर काढलं. "तुम्ही सगळे करंट वाढवताय," ते म्हणाले. "जळेल ती."

मग रोज सकाळी ते कप घेऊन तिच्यासमोर बसत. एकदाच म्हणत, "चहा," आणि वाट बघत. चहा निवला की उठून गरम करून आणत, पुन्हा बसत. मावशीचे ओठ हलत, आवाज येत नसे. होळी झाली, उन्हाळा आला. आम्ही मनातून आशा सोडली होती. मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "थर बसतोय. वरून दिसत नाही अजून, इतकंच."

आणि परवा सकाळी मी त्यांच्याकडेच निघालो होतो, तर समोरून गल्लीतून काका धावत येताना दिसले. अनवाणी. हातात कप, निम्मा चहा सदऱ्यावर. वाटेत बसलेला सांड बिचकून आपणहून उठला. माझ्यापाशी येऊन ते धापा टाकत म्हणाले, "बोलली."

"काय म्हणाली?"

काकांचे ओठ नुसतेच हलले. मी पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या हातातला कप तेवढा घेतला आणि उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले,

"लवकर."