साठ घरांची एकच वेळ

एकच गोष्ट दोनदा करावी लागली की ज्याच्या जिवाला क्लेश होतात असा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आमच्या वाट्याला आला आहे. हे आमच्या वहिनीचे काका. आमच्या घरात लहानथोर सगळे त्यांना 'वहिनीचे काका' म्हणतात. हल्ली तर वहिनीसुद्धा "वहिनीचे काका आलेत, चहा टाकते" असं म्हणते. सरकारी कचेरीत या गृहस्थांनी उभा जन्म 'वरील विषयास अनुसरून' हे शब्द लिहिण्यात घालवला. निवृत्तीच्या दिवशी गळ्यातला हार काढून ठेवत ते म्हणाले, "आता या आयुष्यात मी काहीही दुसऱ्यांदा लिहिणार नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे काय वाढून ठेवलंय याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

हा नियम त्यांनी बोलण्यालाही लावला. फोनवर तब्येत विचारली तर म्हणतात, "परवा तुझ्या वहिनीला सांगितलीय, तिच्याकडून घे." एका लग्नात जिलबीचा आग्रह करणाऱ्या यजमानाला त्यांनी शांतपणे सांगितलं, "मघाशी नको म्हटलंय, तेच धरा." दुसरं वेड जोडाजोडीचं. जगातली कुठलीही गोष्ट एकटी असू नये असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर चिठ्ठी आहे, 'हेही पाहा: कुळीथ, खालचा कप्पा', आणि कुळथाच्या डब्यावर 'हेही पाहा: कोकम'. काकू एकदा मला म्हणाल्या, "मीठ शोधायला गेले, चार चिठ्ठ्या वाचल्या नि पुन्हा होते तिथंच आले. मीठ शेवटी शेजारून आणलं."

अशा माणसाच्या हाती वाडीची वेबसाइट पडली. त्यांची वाडी जयगडच्या रस्त्याला, साठ उंबऱ्यांची. निम्मी माणसं मुंबईत, त्यामुळे मंडळाने ठरवलं की प्रत्येक घराचं एक पान असावं. मजकूर एका जागी लिहायचा आणि हव्या तितक्या पानांनी तो तिथून उचलायचा, ही सोय पाहिली तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं काकू सांगतात. 'वाडीत कसे याल' हा मजकूर त्यांनी एकदाच लिहिला आणि साठ पानांवर उमटवला. पुढे फाट्यावरचं वडाचं झाड पडलं, म्हणून काकांनी 'वडाजवळ'चं 'पुलाजवळ' केलं. तेवढं दाखवायला त्यांनी आम्हाला रत्नागिरीहून मुद्दाम बोलावून घेतलं. "उघड, कुठलंही पान उघड!" आम्ही पान उघडायचो, पूल दिसायचा, काका टाळी द्यायचे. साठही पानं पाहिल्यावर चहा मिळाला.

प्रत्येक पानाखाली 'संबंधित घरे' अशी चौकट होती. कुणाची लेक कुठे दिली, कुणाचं आजोळ कुठलं, हे सगळं काकांनी तिथे जोडून टाकलं. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीच्या बसमध्ये कित्येक वर्षं शेजारी बसणाऱ्या दोघांना त्या चौकटीतून कळलं की आपण मामेभाऊ आहोत. तेव्हापासून एकाला खिडकी मिळाली की दुसरा मानपानावरून रुसतो.

साठांत एकच चौकट रिकामी होती, आणि ती काकांच्या स्वतःच्या घराची. त्यांचे थोरले भाऊ, दादा, लांज्याला असतात. नऊ वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली, ओटीच्या मधोमध भिंत आली, आणि बोलणं थांबलं. कोण काय बोललं ते दोघांनाही आता धड आठवत नाही. बोलायचं नाही एवढं मात्र पक्कं आठवतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, तेव्हा दोघांना एकमेकांचं तोंड बघावं लागू नये म्हणून मानकऱ्यांनी तोड काढली होती. जाताना सकाळी पालखी दादांच्या दारी, परतताना संध्याकाळी काकांच्या. दादा लांज्याहून येत, ओवाळून निघून जात. तोवर काका देवळात बसून राहत. आम्हाला हे बघवत नसे, पण त्यांना सांगणार कोण?

पालखीची सूचनाही अर्थात एकदाच लिहिलेली. मधल्या रिकाम्या जागेत त्या त्या घराची वेळ आपोआप पडे. यंदा मानकरी म्हणाले, "काका, तुमच्याकडं सातला नाय, चारलाच येतो." काकांनी आदल्या दुपारी वेळ बदलली. फक्त ती स्वतःच्या पानावर न बदलता मूळ सूचनेतल्या रिकाम्या जागेतच 'दुपारी चार' लिहिलं. साठही घरी पालखी दुपारी चारला येणार असं दिसू लागलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण जो तो आपल्यापुरतं आपलं पान उघडतो.

सकाळी पालखी पहिल्या दारात गेली तर यजमान टॉवेलवर. "आमची चारला ना?" दुसऱ्या दारीही तेच. देवी दारातून परत गेली तर माणूस ते वर्षभर मनात ठेवतो, म्हणून पालखी पुन्हा सहाणेवर, तिच्या मुक्कामाच्या चौथऱ्यावर, नेली आणि चारला निघायचं ठरलं. वाडीने काकांना काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही.

चारला दादा ताट घेऊन त्यांच्या दारात उभे, भिंतीच्या अलीकडे काका उभे. देवळात जाऊन बसायची सोय नव्हती, कारण पालखी कधीही आली असती. पण साठ घरांतून ती येणार कधी? पाच वाजले, साडेपाच झाले. दोघांच्या निरांजनातलं तूप संपत आलं. काकू वाटी घेऊन आल्या, आधी दादांच्या निरांजनात घातलं, मग काकांच्या.

"चारच लिवलं होतंस ना रे?" दादा समोर बघत म्हणाले.

"होय."

"मग?"

"सगळ्यांचेच चार झाले."

दादांच्या हातातलं ताट हलायला लागलं. "मेल्या," हसू आवरत ते म्हणाले, "शाळेतपण सगळ्या गणितांचं एकच उत्तर लिवून आलावतास!" काकाही हसले. नाक पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. दादांनी काकांचंही ताट धरलं.

दिवेलागणीला पालखी आली. भोयांनी विचारलं, "पैली कुणाच्या दारात?" दादा म्हणाले, "मधी टेकवा. एकदाच." मी तिथेच होतो आणि मला रडू आलं, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी लांज्याची गाडी सुटेपर्यंत काका स्टँडवर थांबले. घरी आल्यावर संगणकापुढे बसले आणि रिकाम्या चौकटीचं आपलं पान उघडलं. मी म्हटलं, "काका, जोडा की आता दादांचं पान."

"जोडतो रे. पण तिथं 'संबंधित' असं येतं," ते म्हणाले. "तो काय संबंधित आहे होय? भाऊ आहे माझा."

मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नऊ शिमगे गेले रे," म्हणाले, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले.