वडिलांच्या गादीचा ताबा

माझे वडील वारल्याला एक वर्ष झाले त्या दिवशी ते घरी परत आले, वडा खाल्ला, आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

हे वाक्य वाचून वाचकांनी माझ्या शुद्धीविषयी शंका घेऊ नये. मी ठाणे येथील कचेरीसमोर बसून अर्ज लिहिणारा मनुष्य आहे. माझ्या हातचा अर्ज साहेबापुढे गेला म्हणजे साहेब तो दोनदा वाचतात. (पहिल्या वाचनात त्यांस काही बोध होत नाही, असे शिरस्तेदार म्हणतात, परंतु ते माझे हितशत्रू आहेत.) इंग्रजी शाळेत मी दुसऱ्या यत्तेपर्यंत गेलो होतो. पुढे शाळेचे आणि माझे पटले नाही. सांगण्याचा उद्देश इतकाच, की शब्दांच्या बाबतीत मी बेसावध मनुष्य नव्हे.

आता जागेविषयी. वडिलांस आम्ही अण्णा म्हणत असू. आमच्या ओटीवर खिडकीपाशी त्यांची गादी व लोड असे. अण्णा हयात असेतो त्या गादीवर दुसरे कोणी बसले नाही. मी दोन मुलींची लग्ने केली, माझे कल्ले पिकले, तरी कचेरीतून आलो म्हणजे मी चटईवर. अण्णा वारले, तेव्हा त्यांची थोरली बहीण, आमची आत्याबाई, हिने आज्ञा केली, "वर्षश्राद्ध होईतो गादी रिकामी राहील. मग विनायका, तू बस." आत्याबाई बालविधवा, जन्मभर माहेरी राहिलेली, आणि घरातले खरे सरकार तीच. वर्षभर मी त्या गादीकडे चटईवरून पाहत होतो. घरी आलेल्या पक्षकारास लोडाला टेकून "हं, बोला" असे म्हणण्याचा सराव मी मनातल्या मनात पुष्कळ केला होता.

वर्षश्राद्धाच्या आधी काही दिवस मी कल्याणास गेलो होतो. तेथील पांजरपोळीच्या कुरणासंबंधीचा अर्ज मीच लिहिला होता. पांजरपोळीत म्हातारे बैल, लंगडी घोडी, एका डोळ्याची शेळी, आणि एका टोपलीत मांजरीचे एक पिल्लू. आमच्या घरी उंदरांनी माझे दप्तर कुरतडून काढले होते, म्हणून मी ते पिल्लू मागितले.

तेथले मुनीमजी म्हणाले, "खुशाल न्या शेट. पण एकदा नेलेला जीव परत घेत नाय हां आपण."

"परत आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही," मी म्हणालो. पिल्लू उचलून त्याचे मुखावलोकन केले. करडा रंग, डाव्या डोळ्यावर पांढरी भुवई, चर्येवर करारीपणा. "हा बोका आहे," असा मी निर्णय दिला.

"तुम्ही म्हणता तर बोका," मुनीमजी म्हणाले. मी चर्येवरून मनुष्य ओळखतो. मांजर ओळखता येणार नाही, असे मला का वाटावे?

श्राद्धाचे दिवशी सोवळ्यात लुडबूड नको म्हणून माझ्या कुटुंबाने पिल्लू परसात पालथ्या पाटीखाली कोंडून ठेवले. नारायणभटजी आणि दुसरे एक ब्राह्मण आले, विधी झाला, आणि कावळ्याचे पान परसाच्या भिंतीवर ठेवले. कावळ्याने घास घेतल्यावाचून पंगत बसवायची नाही, असा आत्याबाईचा कटाक्ष होता.

कावळा आला, शेवग्यावर बसला. मान वाकडी करून खाली पाही, आणि जागचा हलेना. (पाटी हलत होती, हे आम्हांपैकी कोणाच्याच लक्षात आले नाही.)

"अण्णाचं काहीतरी राहिलंय मागं," आत्याबाई म्हणाली. "कबूल कर काही तरी."

मी हात जोडले. "अण्णा, शेजारच्या गोविंदपंतांच्या पन्हळीचे पाणी आपल्या परसात पडते, त्याबद्दलची फिर्याद मी पुढे चालवीन." शेजारी गोविंदपंत पेन्शनर, अण्णांनी त्यांच्याशी वीस वर्षे बोलणे टाकले होते. कावळा ढिम्म.

"त्याचा जीव गादीत आहे," आत्याबाई म्हणाली. "म्हण, मी बसणार नाही."

"आत्या, तसं एकदम कसं म्हणू?"

"विनायकराव, ऊन डोक्यावर आलं हो," नारायणभटजी आतून म्हणाले. त्यांचा आवाज भुकेने बारीक झाला होता.

या कठीण प्रसंगी मी तेच केले, जे इतकी वर्षे पक्षकारांसाठी करीत आलो. भिंतीकडे तोंड करून मी स्वच्छ आवाजात म्हणालो, "सबब अण्णांस विदित व्हावे की, त्यांचे पश्चात मजकूर गादीवर चिरंजीव विनायक याने बसणेविषयी त्यांची हरकत नाही असे समजण्यात येईल, आणि हरकत असल्यास ती त्यांनी समक्ष हजर होऊन दाखवावी."

अर्जात हे कलम मी नेहमीच घालतो. आजवर कोणी हजर झालेले नाही.

शब्द तोंडातून बाहेर पडतात न पडतात तोच पाटी उलटली. पिल्लाने भिंतीवर उडी घेतली. पानावर खीर होती, भाजी होती, कढी होती. त्याने आधी वडा उचलला. अण्णा पंगतीत आधी वडा उचलीत. मग त्याने मिशीची डावी बाजू पुसली. अण्णाही आधी डावीच पुशीत. नंतर ते आमच्या पायांमधून ओटीवर गेले, गादीवर चढले, स्वतःभोवती एक फेरा घेतला, आणि लोडाला पाठ लावून पांढऱ्या भुवईखालून मजकडे पाहू लागले.

माझ्या हातातला तांब्या गळून पडला.

"अगं बाई," आत्याबाई हळूच म्हणाली, "अण्णा."

मी विचारले, "भटजी, यास शास्त्राधार काय?"

"भरपूर," नारायणभटजी पाटावर बसत म्हणाले. "पान पोचलं. वाढा आता."

त्या दिवसापासून आमच्या घराचा क्रम बदलला. अण्णांच्या चांदीच्या वाटीत दूध जाऊ लागले. माझे कुटुंब गादीसमोरून जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढी आणि आवाज खाली आणी.

"अगं, ते मांजर आहे," मी एकदा कुजबुजलो.

"हळू बोलावं. मामंजींनी ऐकलं म्हणजे?" तिने उत्तर दिले. "आणि समक्ष हजर व्हा, असं इकडूनच म्हणणं झालं होतं ना?"

माझ्याच कलमात मी सापडलो होतो.

एके दिवशी अण्णांनी (म्हणजे मांजराने, परंतु घरात असे म्हणण्यास बंदी होती) माझ्या मसुद्यावर दौत लवंडली. सकाळभर घासून लिहिलेला अर्ज काळा ठिक्कर पडला. मी ओरडणार, तोच आत्याबाई म्हणाली, "त्याला तुझं अक्षर कधी आवडलंच नाही." उंदरांविषयी तक्रार केली तर म्हणे, "अण्णानं हयातीत कधी उंदीर धरला होता का? मग आताच का धरील?"

एकदा दुपारी सर्वत्र निजानीज पाहून मी गादीच्या एका कडेवर, पाहुण्यासारखा, अंग चोरून टेकलो. अण्णांनी एक डोळा उघडला आणि माझ्या मांडीवर धोतरासकट पंजा मारला. माझी किंकाळी ऐकून आत्याबाई आली. माझ्या रक्ताकडे तिने पाहिलेही नाही.

"ऊठ तिथनं. बाप बसलाय, दिसत नाही? लहानपणी असाच मार खायचास."

याहून मोठा धक्का पुढे होता. कोपर गावचा धर्मा पाटील मिठागराच्या कामी माझ्याकडे येत असे. मी खाली आणि मांजर गादीवर, हे पाहून तो दारातच थबकला.

"क झायलं मालक? तुमी खाली कनाला बसलाव?"

"ते आमचे अण्णा," आत्याबाईने आतून सांगितले.

धर्मा देवभोळा मनुष्य. त्याने पागोटे काढून गादीला नमस्कार केला, आणि दुसऱ्या खेपेस येताना केळीच्या पानात बांधलेला जवळा (सुकी बारीक कोळंबी) घेऊन आला. आम्ही अडविण्यापूर्वी त्याने तो गादीसमोर सोडला. ज्या अण्णांनी कांदा देखील जन्मात घरात येऊ दिला नाही, ते त्या सुक्या जवळ्यावर असे तुटून पडले की पानसुद्धा शिल्लक राहिले नाही.

आत्याबाई भिंत धरून खाली बसली. आता तरी तिचे डोळे उघडतील, अशी मला आशा वाटली. ती म्हणाली, "तरीच. तरुणपणी महिन्यातून एकदा मुंबईला जायचा, तो कशाला, ते मला आज कळलं."

नंतर भिंतीवर गोविंदपंतांचा काळा बोका दिसू लागला. त्या घराशी आमचा उभा दावा. मला वाटले, अण्णा त्यास फाडून खातील. परंतु एके दिवशी पाहतो तो दोघे भिंतीवर अंगास अंग लावून ऊन खात बसले आहेत, आणि अण्णा त्याचा कान चाटीत आहेत.

"समेट केलान हो त्यानं," आत्याबाईने पदर डोळ्यांस लावला. "आणि तू मेल्या, अजून फिर्याद चालवतोस? काढून घे उद्याच्या उद्या."

मी फिर्याद काढून घेतली. गोविंदपंतांची पन्हळ आमच्या परसात राजरोस वाहू लागली.

पौषात अण्णांचे पोट सुटू लागले. चांदीच्या वाटीचा परिणाम, असे मला वाटले. आत्याबाईने हिंग उगाळून बेंबीला लावण्याचा प्रयत्न केला, त्यात तिची दोन बोटे ओरबाडून निघाली. आणि माघातल्या एका सकाळी मी संध्या करीत असता माझे कुटुंब माजघरात धावत आले.

"ओटीवर यायचं होतं," ती म्हणाली. "मामंजी..."

"काय केलं त्यांनी आता?"

"मामंजी बाळंत झाले."

पळी माझ्या हातातच राहिली. ओटीवर जाऊन पाहतो, तो लोडाला टेकून अण्णा, आणि त्यांच्या कुशीत चार पिल्ले. एक करडे. तीन काळी कुळकुळीत, गोविंदपंतांच्या बोक्यासारखी.

मी आत्याबाईकडे वळलो. आता तरी हा विषय मिटेल, आणि बाईमाणसास परसात हलवून गादी मोकळी होईल, असा माझा अंदाज होता. आत्याबाईने पिल्ले बोटांवर मोजली.

"सोयर धरायला हवं," ती म्हणाली. "दहा दिवस देवळात जाऊ नकोस."

"आत्या, अगं, अण्णा पुरुष होते."

"होता ना. मरून वर्ष झालं त्याला. बाळंतिणीच्या अंगावर वारा येतो, ती खिडकी लाव आधी."

इतक्यात गोविंदपंत वीस वर्षांत पहिल्यांदा आमची पायरी चढून आले. हातात साखरेची वाटी होती. गादीकडे एकवार पाहून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "विनायकराव, झालं गेलं विसरा. आता आपण सोयरे."

अशा रीतीने एकुलता एक असलेला मी, उतारवयात चार भावंडांचा थोरला भाऊ झालो. पांजरपोळ जीव परत घेत नाही आणि आत्याबाई नाव काढू देत नाही. मी चटईवर आहे. वास्तविक या ठाण्यात कित्येकांच्या घरांचे व शेतांचे ताबे माझ्या लेखणीने परत मिळाले आहेत, तेव्हा स्वतःच्या गादीबद्दल एक अर्ज लिहिणे मला अवघड नाही. कागद पुढे घेतलेला आहे. मायनाही झाला आहे. फक्त प्रतिवादीचे वादीशी नाते काय, त्या ठिकाणी वडील लिहावे की आई, यावर माझी लेखणी अडून बसली आहे.