दुसऱ्याच्या गाडीची किल्ली

चूक माझीच. भंगारवाल्याकडून इंजिन उचललं तेव्हा तो दोनदा म्हणाला होता, "गुरुजी, मालकाकडून गाडीची किल्लीबी मागवून घ्या." मी त्याच्यावरच खेकसलो, "इंजिन माझ्या जीपला बसवायचंय, दुसऱ्याची किल्ली काय गळ्यात बांधू?" पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळं कळतं.

जीप जुनी, सरकारी लिलावात घेतलेली. बायको गेल्यावर मुदखेडच्या घरात मी आणि जीप, एवढंच बिऱ्हाड. कुठं जायचं नसलं तरी सकाळी चालू करायची, स्टेशनापर्यंत चक्कर मारायची, चहा घ्यायचा, परत. मग इंजिन जाम झालं. पुण्याहून पोरगा म्हणाला, "बाबा, विकून टाका आता." मी फोन ठेवून दिला. पुढचे महिने लई वाईट गेले. दिवस मावळला तरी तोंडातून एक शब्द निघालेला नसायचा.

म्हणून नांदेडच्या एका मिस्त्रीकडं जीप टाकली. इंजिन अपघातात उलटलेल्या एका नव्या गाडीचं. त्यात डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. मिस्त्रीनं इंजिन टेकायला चासीवर नवे पाय वेल्ड केले, वायरींचं जंजाळ ओढलं. तीन आठवडे मी रोज तिथं स्टुलावर बसून. शेवटी स्टार्टर मारला. इंजिन पेटलं अन् दोन सेकंदात बंद. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

"काका, कॉम्प्युटर त्याची किल्ली मागून राहिला," मिस्त्री म्हणाला. "किल्लीत चिप ऱ्हाते. ती ओळखल्याबिगर डिझेल सोडत न्हाई. त्या गाडीची मूळ किल्ली तासभर आणा, तिच्यावरून दुसरी बनवून देतो."

आली का पंचाईत! नाक मुठीत धरून भंगारवाल्याकडं गेलो. त्यानं मालकाचा हिमायतनगरचा पत्ता दिला. एसटीत बसून काय बोलायचं ते जुळवत गेलो.

दार एका म्हाताऱ्यानं उघडलं. गाडी त्याच्या पोराची होती आणि पोरगा त्याच अपघातात गेला होता. भंगारवाल्यानं हे सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी पोराचा फोटो, खाली खिळ्याला किल्ली. घरात दुसरं कुणी दिसेना. जुळवलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. किल्ली कशाला हवी ते कसंबसं सांगितलं.

म्हाताऱ्यानं किल्ली काढून मुठीत घेतली. "देनार न्हाई," तो म्हणाला.

मी उठलो.

"बसा हो गुरुजी. किल्ली देनार न्हाई म्हणलो. म्या संगं येतो."

नांदेड येईपर्यंत त्यानं मूठ उघडली नाही. मिस्त्रीच्या सांगण्यावरून त्यानं किल्ली स्टेअरिंगजवळ धरली, मी स्टार्टर मारला. इंजिन पेटलं आणि चालूच राहिलं. "बस्स, हो गया काम!" मिस्त्री ओरडला. म्हातारा हात तसाच धरून उभा. मिस्त्रीच म्हणाला, "बाबा, काढा आता हात. चालतंय ते." त्यानं हळूच काढला.

तासाभरात दुसरी किल्ली तयार झाली. जीप चालू झाली, आता पेढे वाटायला हवे होते. पण मला चोरी केल्यागत वाटत होतं. म्हटलं, "चला, घरी सोडतो." तो जीपजवळ बराच वेळ उभा राहिला, मग चढून बसला.

भोकर मागं पडलं. मग म्हातारा म्हणाला, "पोरगं रोज म्हणायचं, बाबा बसा, एक चक्कर मारू. मला न इचारता गाडी घेतली म्हणून म्या रुसलेलो. आठ महिने. एकडावबी बसलो न्हाई. आज बसलो, तर त्याचं इंजिन तेवढं ऱ्हायलंय."

सांत्वन करणं मला कधी जमलं नाही. तोंडातून भलतंच निघालं. "माझी बायको म्हणायची, मला गाडी शिकवा. दरवेळी म्हणायची. मी म्हणायचो, तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई." हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, पोरालाही नाही.

"अरारा," म्हातारा म्हणाला. एवढंच.

त्याच्या दारात जीप थांबवली. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणाऱ्यांना मी भर रस्त्यात झापलंय. पण किल्लीकडं गेलेला माझा हात त्यानं धरला. "जरा ऱ्हाऊ द्या."

राहू दिलं. आम्ही दोघं समोर बघत बसलो, इंजिन चालू. त्याच्या घराला कुलूप होतं. मला मुदखेडपर्यंत एकट्यानं जायचं होतं. तो उतरेना, आणि मीही त्याला उतरा म्हणालो नाही.