सुधाकरच्या इमारतीची लिफ्ट

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमच्या बाजारात भाजी घेत होतो. "छातीत दुखायला लागलं, खाली आणेस्तोवर गेला," एवढंच त्याचा शेजारी बोलला. खाली आणेस्तोवर... मुंबईत लिफ्ट दुरुस्त करणारा माझा शाळासोबती, आणि त्याला अकराव्या मजल्यावरून चादरीत घालून जिन्यानं उतरवावं लागलं. त्याच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. दीड महिना झाला, माझा संताप काही कमी होत नाही.

आयटीआय आम्ही सोबतच केलं. मी इथं मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, तो लिफ्टच्या कामात शिरला आणि राजधानीचा झाला. दर दिवाळीत मी म्हणायचो, परत ये. तो हसायचा. "वाशीमात लिफ्टा हायेत किती? अठी राहून काय करू, नुसता बाजेवर बसून राहू?" खोटं नव्हतं. सगळी कामं मुंबईनं ओढून घ्यायची, माणसं आमच्याकडून मागवायची आणि ठेवायची कुठं? झोपड्या हटवून उभ्या केलेल्या, दिवसासुद्धा दिवा लावावा लागणाऱ्या इमारतीत, भाड्याच्या खोलीत. शेजारच्या टॉवरमधल्या आरशांच्या लिफ्टा हाच तपासायचा. स्वतःच्या इमारतीतली दुरुस्त करायला निघाला, तर बिल्डरच्या माणसानं मशीनच्या खोलीला कुलूप घातलं. देखभाल कुणी करायची यावर म्हणे वाद होता. "फुकट करून देतो म्हनलं, तरी चाबी देऊन नाही राह्यले," तो फोनवर चिडून सांगायचा. "म्हाताऱ्या बायका थैली घेऊन जिन्यात मधातच बसतात रे." स्वतःच्या छातीबद्दल मात्र अवाक्षर नाही...

मागच्या आठवड्यात मंदावहिनींसोबत, म्हणजे गावीच राहणाऱ्या त्याच्या बायकोसोबत, त्याचं सामान आणायला गेलो. तोच शेजारी खाली थांबला होता. पाहतो तर लिफ्ट सुरू! सुधाकर गेल्यावर बोभाटा झाला, तेव्हा कुठं बिल्डरला किल्ली सापडली. माणूस मेल्याशिवाय ज्या शहरात किल्ली सापडत नाही, त्याच्या श्रीमंतीचं कौतुक आम्ही कशाला करायचं? मी लिफ्टचं दार उघडून धरलं. वहिनी जिन्याकडे वळल्या.

"तुमी या त्यातून, भाऊ. मी पायऱ्याईनंच येतो."

आम्ही दोघंही त्यांच्या मागं निघालो. सातव्या मजल्याच्या वळणावर शेजारी अडखळला. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं.

"अठीच गेले का ते?"

त्यानं मान डोलावली. वहिनी त्या पायरीपाशी बसल्या, आणि पदरानं ती पुसत राहिल्या.