वाजवणाऱ्या घरीच देणे आहे

किस्से गोळा करायला मुद्दाम कुणी बसत नाही. घरातली एखादी भरलेली खोली रिकामी करायला घ्या. सामान एकेक करून बाहेर जातं आणि त्याच्या जागी किस्से येऊन बसतात. आमच्याकडे खोली रिकामी होऊन सहा महिने झाले, तरी चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "तो झाकणाचा सांग ना वं."

आमचे बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात इलेक्ट्रिशियन होते. लोकांनी टाकून दिलेले रेडिओ, रेकॉर्ड प्लेयर, स्पूलचे टेपरेकॉर्डर, व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर ते घरी आणायचे आणि बोलते करायचे. निवृत्तीनंतर नागपुरात बेसाला घर बांधलं, तेव्हा त्यातली एक आख्खी खोली या मंडळींना मिळाली. बाबा गेले. मग माझ्या धाकट्या भावाकडे, प्रशांतकडे गोड बातमी आली आणि खोलीची गरज पडली. विषय काढायचा कसा म्हणून आम्ही दोघं कुजबुजत होतो, तर आईच म्हणाली, "विकून टाका. पण शोभेसाठी नेणाऱ्याले नाही. जो वाजवन, त्यालेच देजा."

अट ऐकायला सोपी वाटली होती.

* * *

किमती ठरवायला बाबांचे जुने मित्र वानखेडे काका आले. सीताबर्डीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. मी वही घेऊन बसले. वाटलं, दुपारपर्यंत यादी होईल.

काकांनी पहिला रेडिओ उघडला, फुंकर मारली, चालू केला, तापू दिला. गाणं लागलं. ते पूर्ण ऐकलं. मग बाबांना तो कुठे सापडला, कोणत्या भागासाठी दोघं स्कूटरवर कामठीला गेले, वाटेत काय खाल्लं, हे सगळं सांगितलं. मग म्हणाले, "लिही. चांगला आहे."

"आणि किंमत, काका?"

"थांब ना गा पोरी. आधी बाकीचे ऐकू दे."

संध्याकाळपर्यंत तीन रेडिओ झाले. आई चौथ्यांदा चहा घेऊन आली.

"भाऊजी, तुमच्या या स्पीडनं मीच अँटिक होईन."

काकांनी मानही वर केली नाही. "अँटिकले भाव चांगला येते वहिनी. फक्त पार्ट ओरिजिनल पाह्यजे."

आईचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत.

तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मग मले राहू द्या."

* * *

प्रशांतनं इंटरनेटवर जाहिरात टाकली. फोटो छान, माहिती व्यवस्थित. दोन दिवसांत पन्नास जणांनी विचारलं आणि त्यातल्या निम्म्यांना कॅफेत ठेवायला रेडिओ हवा होता. "वाजला नाही तरी चालेल," असं लिहिणाऱ्याला आई उत्तरच देऊ द्यायची नाही.

एका मुलीनं विचारलं, "अंकल, याला ब्लूटूथ आहे का? आणि चालू केल्यावर आवाज लगेच येत नाही असं लिहिलंय, तो फॉल्ट आहे का?"

प्रशांत ऑफिसात होता. जाहिरातीत नंबर होता तो त्याचा जुना फोन आईकडे. आईला टाईप करायचा कंटाळा, तिनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "बाई, त्याले तापाले एखाद मिनिट लागते. तू बटन दाब आन चहा ठेव. चहाले उकळी येईपर्यंत तो बोलाले लागते. इतकी घाई कायची आहे तुले?"

प्रशांतनं घरी येऊन ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "गिऱ्हाईक गेलं."

रविवारी ती मुलगी आली. जवळच मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते, एकटी राहते. रेडिओ घेतला, आणि जाताना आईला म्हणाली, "काकू, तो आवाज मी ठेवलाय. ऑफिसात चिडचिड झाली की ऐकते."

* * *

भंगारवाल्याचं मात्र कुणी ठरवलं नव्हतं. तो गल्लीतून चालला होता, आईनं जुन्या वायरी आणि फुटके सांगाडे द्यायला त्याला आत बोलावलं. त्याची नजर कोपऱ्यातल्या जडशीळ ॲम्प्लिफायरवर गेली. उचलून बघितला आणि खूश झाला. "इसका वजन अच्छा है अम्मा. तोल लूं?"

वानखेडे काका तिथेच होते. त्यांनी प्लग लावला आणि रेकॉर्ड ठेवली.

भंगारवाला आधी उभ्याने ऐकत होता. मग उंबऱ्यावर टेकला. एक बाजू संपली, काकांनी दुसरी लावली. बाहेर त्याच्या गाडीभोवती गाय फिरत होती, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"अब तोल," काका म्हणाले.

"काहे को शर्मिंदा करते हो चाचा," तो म्हणाला, आणि एक छोटा ट्रान्झिस्टर मागून, सेल घालून, गाडीच्या दांडीला अडकवून गेला. दर मंगळवारी तो आमच्या गल्लीत येतो. आता ओरडत नाही. गाणी ऐकू आली की लोक रद्दी काढतात.

* * *

आता झाकण.

इंदूरहून एक गृहस्थ आले. या विषयातले जाणकार. काखेत स्वतःची रेकॉर्ड, हातात टॉर्च आणि भिंग. आईला माणूस पसंत पडला, कारण आल्या आल्या त्यांनी "पहले सुनाइए" म्हटलं. मोठा ॲम्प्लिफायर ऐकला. म्हणाले, इतका कमी गुरगुरणारा सेट त्यांनी पाहिला नाही. मग खालची बाजू उघडली, टॉर्च मारला आणि बराच वेळ आत बघत राहिले.

"ये शकुंतला कौन सी कंपनी है?"

शकुंतला माझ्या आईचं नाव.

आत ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला, गुरगुर अडवायला बाबांनी चार स्क्रूंनी एक पितळी झाकण बसवलं होतं. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव स्वच्छ वाचता येत होतं. आईच्या लग्नात माहेरहून आलेल्या डब्याचं झाकण.

हे झाकण हरवलं तेव्हा मी शाळेत होते. डबा लाडू भरून विमलआत्याकडे गेला होता, आणि आई म्हणायची तो परत आला तो उघडाच. आत्या म्हणायची, मी झाकणासकट पाठवला. त्यावरून नणंद-भावजयीत जे बिनसलं ते बिनसलंच. बोलणं चालू होतं, पण आत्यानं त्यानंतर आमच्याकडचा लाडू तोंडाला लावला नाही. आणि बाबा इतकी वर्षं दोघींच्या मध्ये बसून पेपर वाचत होते!

आईनं तिथल्या तिथे फोन लावला. "विमलबाई, झाकण सापडलं."

"कुठी?"

"तुमच्या भावाच्या मशीनमध्ये."

आत्या इतकी हसली की फोन स्पीकरवर नसूनही इंदूरच्या पाहुण्यांनी मान वर केली. नंतर आई पदरानं डोळे पुसत होती, पण हसतच.

काकांनी झाकणाच्या जागी पत्रा बसवून दिला. पाहुणे सेट घेऊन गेले. आईनं झाकण चिंचेनं घासलं, डबाभर लाडू केले आणि प्रशांतच्या हाती पाठवले. तासाभरात आत्याचा फोन.

"वहिनी, डबा पोचला. पण झाकणाले चार भोकं आहेत. आता हे मी पाडले म्हणून नको सांगजो."

* * *

दोन भोंगे होते, जुन्या कॉलनीत चौदा एप्रिलला लागायचे ते. ते कोराडीच्या विहारातच द्यायचे ठरलं. द्यायच्या आधी तपासून बघू म्हणून काकांनी ते गच्चीवर नेले आणि माईकमध्ये "हॅलो, हॅलो" म्हणाले.

त्या आठवड्यात आमच्याकडे नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की तोही भोंग्यातून "हॅलो, हॅलो" करतो. बघता बघता फाटकासमोर बादल्यांची रांग लागली. काका घाबरून माईक बंद करायला निघाले, पण आईनं तो हातातून घेतला.

"पाणी नाही आलं. आमच्याकडे जुने रेडिओ देणे आहे. आलेच आहा तं पाहून जा."

त्या दिवशी तीन ट्रान्झिस्टर गेले. तिन्ही बादलीतून.

* * *

शेवटी हॉलमधला लाकडी रेडिओ राहिला. तो आईचा; कोराडीच्या क्वार्टरमध्ये खिडकीत असायचा. त्याला गिऱ्हाईक आलं की आई म्हणायची, "तो बिघडला आहे." बिघडला नव्हता.

एक दिवस दौलतराव आले. वीजकेंद्राच्या शिफ्ट बसचे ड्रायव्हर, आता थकलेले. बाबा कायम उशिरा निघायचे आणि बस रोज आमच्या क्वार्टरसमोर त्यांच्यासाठी थांबायची. याचा बाबांना केवढा अभिमान. नातेवाइकांना, जावयाला, दवाखान्यात नर्सलासुद्धा त्यांनी सांगितलं होतं, "दौलत मले घेतल्याबिगर गाडी हालवत नव्हता. माणूस कमावला पाह्यजे."

मी दौलतरावांना म्हटलं, "बाबा शेवटपर्यंत तुमची आठवण काढायचे. रोज थांबायचात त्यांच्यासाठी."

दौलतराव अवघडले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आता ते नाहीत तं खरं सांगतो बाई. मी त्यायच्यासाठी नव्हतो थांबत. तुमच्या खिडकीत हा रेडिओ वाजे. सकाळचे गाणे. गाणं अर्ध्यात सोडून जावंसं वाटे नाही. रेडिओ बंद झाला का मी गाडी काढो. साहेब तवरोक येऊन बसत." टोपी सारखी करत म्हणाले, "पण त्यायले वाटे मी त्यायच्यासाठी थांबतो. मग कसं सांगाव?"

प्रशांत आणि मी एकमेकांकडे बघायला लागलो. मग हसू आवरेना. दौलतरावही हसले. आई तेवढी रेडिओवरची धूळ पुसत होती.

"आई," मी म्हटलं, "पण तो बंद तर तूच करायचीस ना?"

"मंग?" आई म्हणाली. "हे बसमध्ये चढलेले दिसले, का मी बटन बंद करो."