खाली आहे

मुरबाडहून माळशेजला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. आमच्या घरात "खाली" हा शब्द गोठ्यात कुणी काढत नाही. तपासलेली गाय गाभण नसली की डॉक्टर म्हणतात, खाली आहे, म्हणजे रिकामी. आधीच्या गाईबद्दल ते असं पुन्हा पुन्हा म्हणाले, आणि सासऱ्यांनी तिला बाजारात नेऊन विकलं. आताची गाय तिचीच कालवड, मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. म्हणून ती व्यायली आणि वासरामागून पडायची वार आतच अडकली, तेव्हा मी तिच्यापासून हललेच नाही.

सासूबाईंनी लोंबणाऱ्या वारेला जुनी चप्पल बांधली. वजनानं पडते म्हणतात. मी नको नको म्हणत होते, पण सुनेचं ऐकतंय कोण! वार पडली खरी, पण तुटून. मग वास सुटला, दूध आटलं. शहापूरहून डॉक्टर सोनोग्राफीचं मशीन घेऊन आले. पडद्यावर गर्भाच्या पिशवीत काळं पाणी दिसलं आणि त्यात तरंगणारे पांढरे कण. आत पू आहे, म्हणाले. औषध सोडलं, पुन्हा बघू म्हणाले. ही परत गाभण राहील का, असं सासऱ्यांनी विचारलं, तर ते मशीन आवरायला लागले. तेव्हापासून बाजाराचा दिवस उजाडला की मी सासऱ्यांवर डोळा ठेवून असायचे.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा मी गाईच्या तोंडाशी उभी राहिले. त्यांचा हात कोपरापर्यंत आत, नजर पडद्यावर. देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवतही नाही.

"खाली आहे," ते म्हणाले.

सासरे दावं सोडायला वळले. मी गाईच्या गळ्यात हात टाकून रडायलाच लागले. डॉक्टर चक्रावून आमच्याकडे बघत राहिले.

"अहो, पिशवी खाली आहे. घाण गेली सगळी. आकसलीय पण छान."

सासूबाई तिथंच मटकन बसल्या.

"मंग तसं सांगा ना, डॉक्टर. आमच्या गोठ्यात खाली म्हनलं का गाय जाते."

सासरे हसले, मीही हसले, चहा झाला. जाताना डॉक्टर सांगून गेले की आता माजावर आली की भरवून घ्या, मग गाभण राहिली का ते बघायला येतो. म्हणजे पुन्हा तेच मशीन, तोच पडदा. आणि त्या दिवशी ते खाली म्हणाले, तर दुसरा अर्थ सांगायला त्यांच्याकडे काही नसेल.